अरब विद्यापीठांत बाळंतपणाच्या रजेने बढती का अडते?

रजा मिळते, पण सत्राच्या हिशोबात ती बसत नाही, खरी अडचण तिथेच आहे. अमिरातीत खासगी नोकरीत रजा ६० दिवसांची: ४५ दिवस पूर्ण पगार, १५ दिवस अर्धा. सत्र साधारण १६ आठवड्यांचं. तिसऱ्या आठवड्यात बाळंत झालेली प्राध्यापिका बाराव्यात परत येते, ते थेट पेपर तपासणीच्या तोंडावर. संशोधन तेव्हाच मागे पडतं, आणि बढती शोधनिबंधांवर ठरते. सौदीत २०२५ पासून रजा १२ आठवडे झाली, हे फार बरं झालं. तरी सत्र त्याहून लांबच.

करारावर सही करण्याआधी दोन गोष्टी लेखी मागा: बढतीच्या मुदतीत एक वर्षाची वाढ आणि त्या सत्रात कमी तास. तोंडी आश्वासन विभागप्रमुख बदलला की संपतं.