थेरपीत दर वेळी नवीन काय बोलायचं?

प्रश्न: ताई, मी नाशिकला सातपूरमध्ये एका कंपनीत क्वालिटीला आहे, वय ३४. महिनाभर धड झोप नाही, सारखी चिडचिड, म्हणून बायकोने मागे लागून कॉलेज रोडला एका मॅडमकडे काउन्सेलिंगला पाठवलं. दोन सेशन झाली, सगळं सांगून संपलं. आता शनिवारी ५० मिनिटं काय बोलू? किरकोळ गोष्टी सांगून पैसे घालवायचे का? आणि घरातलं बाहेर गेलं तर?

उत्तर: दादा, सगळं सांगून झालं म्हणताय पण मला वाटतं नुसती हेडिंगं सांगून झालीत. चिडचिड होते म्हणालात, ठीक, पण शेवटचं कुणावर ओरडलात, त्याआधी पाच मिनिटं डोक्यात काय चाललं होतं, नंतर तुम्ही जेवलात की ताट सरकवून उठलात, हे सांगितलं का? एवढ्या एका प्रसंगावर आख्खं सेशन जातं आणि जाऊ द्यावं. त्र्यंबक रोडने गाडीवर येताना मनात प्रॅक्टिस चालतेच ना, हे सांगू, ते सांगू, तेव्हा जे "हे नको बाबा" म्हणून गाळता ना, तेच आधी काढा. हप्ते, बेडरूममधलं, गावाकडच्या द्राक्षबागेची वाटणी, वडील गेले तेव्हा रडूच आलं नाही, काहीही चालतं. मॅडमचं मागचं बोलणं खटकलं असेल, फी जड जात असेल, तेही तोंडावर सांगायचं. आपल्याला डॉक्टरपुढे मान डोलवायची सवय, पण इथं मान डोलवलीत तर पैसे खरंच वाया. काहीच सुचत नसेल तर तसं म्हणा नि गप्प बसा, तेही चालतं.

बाहेर जाण्याचं म्हणाल तर मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये पेशंटला गोपनीयतेचा हक्क आहे. अपवाद आहेत, जिवाला धोका असेल किंवा कोर्टाचा आदेश आला तर वगैरे. बायकोला काय सांगणार, नोट्स कुठं ठेवता, हे शनिवारी बसल्याबसल्या विचारून घ्या. आणि मध्येच एखाद्या रात्री डोक्यात नको नको ते यायला लागलं तर शनिवारची वाट बघू नका, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, फुकट आहे, २४ तास चालू, मराठीत बोलता येतं.

अजून एक, दुपारी मिसळ हाणून गेलात आणि मॅडमसमोर डोळे मिटायला लागले तर लाजू नका, घरी झोप नाही नि इथं कशी येते, यावरच बोला.