नांदेडची विद्यार्थिनी आणि परळीतले बातमीदार मामा: आम्हा दोघांना कुठलं प्रशिक्षण, कुठली फेलोशिप मिळू शकते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही नांदेडला पत्रकारितेत एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहात, मामा परळी तालुक्यात १२ वर्षं बातमीदारी करतात, दोघांचंही इंग्रजी बेताचं, आणि ‘पत्रकारांसाठी लीडरशिप प्रोग्रॅम’ अशा ज्या जाहिराती दिसतात त्यातलं तुमच्या कामाचं काय. दोघांची उत्तरं वेगळी आहेत. मामांचं जास्त गुंत्याचं आहे, म्हणून तुमचं आधी उरकतो.

तुम्हाला या घडीला नेतृत्वाचा कोर्स लागत नाही. स्वतःच्या नावानं छापून आलेल्या तीन बातम्या लागतात. विभागाचा सराव अंक निवड समितीसमोर फारसा चालत नाही, कारण त्यात बातमी नाकारणारा संपादक नसतो. त्यापेक्षा बाहेर छापलेला ८०० शब्दांचा एक ग्रामीण रिपोर्ताज वजनदार ठरतो. ग्रामीण भागावर लिहिणारे पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेलं ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’, म्हणजे ‘पारी’, विद्यार्थ्यांचं काम घेतं आणि मराठीतही प्रसिद्ध होतं. तिथे कॉपीवर, म्हणजे तुम्ही पाठवलेल्या मजकुरावर, बारीक प्रश्न विचारले जातात. हे माणूस कोण, किती एकर, कर्ज कुणाचं, वय कागदावर किती. या प्रश्नांची उत्तरं शोधायला परत गावात जावं लागतं, आणि खरं प्रशिक्षण तेच. बरोबरीनं रॉयटर्सचा डिजिटल पत्रकारितेचा मोफत ऑनलाइन कोर्स आणि गूगल न्यूज इनिशिएटिव्हचे पडताळणीचे धडे करून टाका. दोन आठवड्यांत होतात. मात्र त्यांचं प्रमाणपत्र अर्जात एका ओळीपेक्षा जास्त जागा खाऊ देऊ नका. एम. ए. नंतर आणखी शिकायचं असेल तर आयआयएमसीच्या, म्हणजे भारतीय जनसंचार संस्थेच्या, अमरावती केंद्रात मराठी पत्रकारिता आहे. चेन्नईचं एशियन कॉलेज ऑफ जर्नालिझम उत्तम, पण सगळं इंग्रजीत आणि महाग. तिथे शिष्यवृत्ती आहे. ती गृहीत धरून मात्र जाऊ नका.

आता मामा.

मधल्या टप्प्यावरच्या पत्रकारांसाठीचे कार्यक्रम दोन जातींचे असतात. एका जातीत तुम्ही विषय देता, ते पैसे आणि मार्गदर्शक देतात, आणि तीन ते सहा महिन्यांत तुम्ही ठरावीक बातम्या द्यायच्या. नॅशनल फाउंडेशन फॉर इंडियाची माध्यम फेलोशिप अशी आहे आणि तिथे भारतीय भाषांतलं काम चालतं. लिंगभाव हा विषय असेल तर ‘लाडली’चे पुरस्कार आणि फेलोशिप पाहा. पाणी, हवामान, शेती असेल तर अर्थ जर्नालिझम नेटवर्कचं (‘अर्थ’ म्हणजे इंग्रजीतली पृथ्वी) अनुदान आहे; बातमी स्थानिक भाषेत चालते, सोबत इंग्रजी भाषांतर जोडायचं.

दुसऱ्या जातीत माणसाला कामावरून उचलून काही आठवडे किंवा वर्षभर विद्यापीठात नेतात. हार्वर्डची नीमन फेलोशिप १९३८ पासून आहे. पूर्णवेळ पत्रकारितेचा किमान ५ वर्षांचा अनुभव लागतो, पदवीची अट नाही, आणि परदेशी अर्जदारांची मुदत १ डिसेंबरला संपते. ऑक्सफर्डच्या रॉयटर्स इन्स्टिट्यूटलाही ५ वर्षं लागतात. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंगचा दक्षिण आशियाई पत्रकारांचा कार्यक्रम ८ आठवड्यांचा, लंडनच्या वेस्टमिन्स्टर विद्यापीठात. अमेरिकेतली आल्फ्रेड फ्रेंडली फेलोशिप २५ ते ३५ वयातल्यांसाठी आहे. मामांचं वय बहुधा उलटलं असेल. या सगळ्यांच्या मुलाखती इंग्रजीत होतात. माझं मत स्पष्ट सांगतो: मामांनी पहिली जात आधी करावी, एक काम पूर्ण करून दाखवावं, आणि दुसरीकडे दोन वर्षांनी बघावं.

अर्ज बाद होतात ते लेखन कमी पडल्यानं नव्हे, पुराव्यावर. तालुक्याची बातमी छापताना वर ‘वार्ताहर’ किंवा ‘प्रतिनिधी’ एवढंच येतं. बारा वर्षांत मामांनी हजारो बातम्या दिल्या असतील, पण त्या त्यांच्या आहेत हे कागद सांगत नाही. शिवाय ई-पेपरची लिंक काही महिन्यांनी उघडत नाही किंवा लॉगिन मागते. म्हणून आजपासून हे करा. चांगल्या १० बातम्या निवडा. कात्रण कापून स्कॅन करू नका. अख्खं पान करा, वर्तमानपत्राचं नाव, आवृत्ती आणि तारीख दिसेल असं. मग संपादकांकडून किंवा जिल्हा कार्यालयाकडून लेटरहेडवर एक पत्र घ्या: ‘खालील तारखांच्या, खालील मथळ्यांच्या बातम्या यांनी दिलेल्या आहेत’, खाली यादी, सही, शिक्का. त्यातल्या पाच बातम्यांचा प्रत्येकी १५० शब्दांचा इंग्रजी सारांश मामांनी स्वतः लिहावा. मोडकातोडका चालेल, तुम्ही दुरुस्त करा. परक्यानं लिहून दिलेलं सुबक इंग्रजी मुलाखतीत पहिल्या पाच मिनिटांत उघडं पडतं.

‘पूर्णवेळ’ हा शब्दही अडतो. तालुका प्रतिनिधीला बऱ्याचदा नियुक्तिपत्र नसतं, मानधन असतं किंवा तेही नसतं. बँक पासबुकातल्या मानधनाच्या नोंदी आणि असेल तर अधिस्वीकृती कार्ड, म्हणजे पत्रकार म्हणून सरकारी मान्यतेचं कार्ड, जोडा. ओळखपत्र एकट्यानं पुरेसं होत नाही.

परदेशी पैशाबद्दल एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. परकीय अभिदान कायदा, २०१० च्या कलम ३ प्रमाणे नोंदणीकृत वृत्तपत्राचा बातमीदार, स्तंभलेखक, संपादक, मालक यांना परकीय देणगी घेता येत नाही. कलम ४ मध्ये अपवाद आहेत: केलेल्या कामाचा मोबदला, आणि शिष्यवृत्ती किंवा विद्यावेतन. म्हणजे करारपत्रात नुसतं ‘ग्रँट’ लिहिलंय, की कामाचा मोबदला, की विद्यावेतन, यावर सगळं अवलंबून. सही करण्याआधी करारपत्र सीएला दाखवा. पैसे खात्यात आल्यावर शब्द बदलता येत नाहीत.

आता प्रस्ताव. बीड म्हटलं की ऊसतोड आणि मराठवाडा म्हटलं की आत्महत्या, असे प्रस्ताव निवड समितीकडे ढिगानं येतात. विषय टाकू नका, चिमटीत धरा. ‘ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न’ हा प्रस्ताव झाला नाही. ‘परळी तालुक्यातल्या ५ गावांत ऑक्टोबरच्या हजेरीपटावर किती मुलं होती, जानेवारीत वर्गात किती, आणि हंगामी वसतिगृहात रोज जेवायला किती’ हा झाला. तीन आकडे, तिन्हींचे कागद वेगळे, आणि ते जुळत नसतील तर बातमी तिथेच.

इथे वेळापत्रक चुकतं. फेलोशिप मे महिन्यात सुरू होणार असेल तर ऊसतोडीच्या टोळ्या गावात असतात. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, कुणी किती घेतली, टोळी नेणाऱ्या मुकादमाशी बोलणी कशी चाललीत, एवढंच मिळेल. मुलं जातात ती दिवाळीच्या आसपास आणि परततात मार्च-एप्रिलमध्ये. मग अशा वेळी विषय उचलीचा घ्या, शाळेचा नको. प्रस्तावात महिन्यावार तक्ता दिला की अर्जदाराला जमिनीवरचं कळतं हे वाचणाऱ्याला समजतं.

माहिती अधिकाराचे दिवसही धरा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत हवा, शुल्क १० रुपये, उत्तराला ३० दिवस. उत्तर आलं नाही तर पहिलं अपील, २० रुपये, आणखी ३० ते ४५ दिवस. म्हणजे ७५ दिवस सहज जातात. तीन महिन्यांच्या फेलोशिपमध्ये महिनाभरानं अर्ज टाकला तर उत्तर मुदतीनंतर येणार. निवड व्हायच्या आधीच अर्ज टाकून ठेवावा. नाही झाली निवड तरी १० रुपयेच गेले.

खर्चपत्रकात ‘प्रवास: ५०,०००’ असं मोघम लिहू नका. ५ गावं, प्रत्येकी ३ फेऱ्या, फेरीला ६० किलोमीटर: ९०० किलोमीटर. दुचाकी लिटरला ४५ देत असेल तर २० लिटर पेट्रोल. माहिती अधिकारातल्या झेरॉक्स पानाला २ रुपये. आकडा छोटा आला तरी बिघडत नाही. मामांचं त्या दिवसांचं मानधन त्यात धरायला विसरू नका. ते सगळेच विसरतात.

‘लीडरशिप’ म्हणजे तिथे काय शिकवतात, हेही तुम्ही विचारलंय. कॉपी चुकवणाऱ्या सहकाऱ्याशी कसं बोलायचं, काम वाटून कसं द्यायचं, मर्यादित पैशांत काय बंद करायचं, आणि शेवटी स्वतःच्या कार्यालयात करायचा एक प्रकल्प. मामांच्या हाताखाली गावोगावचे आठ-दहा वार्ताहर असतील तर तेच त्यांचं न्यूजरूम. ‘पत्रकारितेचा दर्जा उंचावणार’ असं न लिहिता असं लिहावं: प्रत्येक वार्ताहराची कॉपी खुणा करून त्याच दिवशी परत पाठवणार, आणि सहा महिन्यांनी चुकांची मोजदाद करणार. दुसरा प्रामाणिक प्रकल्प अवघड आहे. पंधरा ऑगस्ट, दिवाळी, पुढाऱ्यांचे वाढदिवस, या पुरवण्यांच्या जाहिरातींचं टार्गेट बातमीदाराच्याच गळ्यात असतं. जाहिरात आणणारा आणि बातमी देणारा वेगळा कसा करता येईल, याची एक तालुक्यापुरती योजना मामांनी मांडली तर परदेशी समितीही कान टवकारेल. अर्थात जिल्हा कार्यालय संमती देईल का, ते आधी विचारून घ्यावं.

६ जानेवारीच्या पत्रकारदिनाच्या कार्यशाळा ‘प्रशिक्षण’ म्हणून अर्जात लिहू नका. बाळशास्त्रींच्या नावानं तिथे शाल-श्रीफळ जास्त आणि शिकणं कमी असतं. विषयाचं ज्ञान हवं असेल तर परभणीच्या कृषी विद्यापीठात किंवा संभाजीनगरच्या वाल्मीमध्ये (जल व भूमी व्यवस्थापन संस्थेत) एखाद्या तज्ज्ञाबरोबर दोन दिवस बसलेलं जास्त कामी येतं. आणि जो कार्यक्रम ‘निवड झाली’ म्हणून फोन करतो, मग नोंदणीचे पैसे मागतो आणि बदल्यात गाडीवर लावायचा प्रेसचा स्टिकर देतो, त्याच्या वाटेला जाऊ नका. चांगल्या फेलोशिपमध्ये पैसे त्यांच्याकडून तुमच्याकडे येतात.

शिफारसपत्रं दोन-तीन लागतात. आपल्याकडे पहिला विचार आमदारांच्या लेटरहेडचा येतो. ते जोडलंत तर अर्ज तिथेच संपला समजा, कारण ज्यांच्यावर लिहायचं त्यांचीच शिफारस झाली. मामांची कॉपी ज्यांनी रोज तपासली त्या उपसंपादकाचं पत्र घ्या, पद लहान असलं तरी. त्यांना मुदतीच्या १५ दिवस आधी प्रस्तावाची प्रत आणि त्या १० बातम्यांची यादी द्या, म्हणजे ‘होतकरू व मेहनती’च्या पुढे काहीतरी लिहितील.