सगळे माझ्यापेक्षा मोठे, माझं कोण ऐकणार?

पंचवीस-सव्वीसच्या मुलामुलींकडून हे वाक्य मी सतत ऐकतेय. कोणी नुकतंच टीम लीड झालेलं, कोणी बँकेत ट्रेनर, कोणी कॉलेजात नवीन लेक्चरर, आणि काळजी सगळ्यांची एकच, समोर बसलेले वयानं मोठे, अनुभवानं मोठे, मी यांना काय शिकवणार. यावर घरचेदारचे सगळे "आत्मविश्वास वाढव" म्हणतात आणि त्याचा काडीचा उपयोग होत नाही हे माझं स्पष्ट मत आहे. म्हणून माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या एका मुलीची केस सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

सायली साताऱ्याची, पुण्यात जपानी शिकली आणि मग जपानमध्ये नागोयाजवळ एका एजन्सीतर्फे कंपन्यांमध्ये जाऊन बिझनेस इंग्लिश शिकवायला लागली. वर्गात मोटारीचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यातले इंजिनियर, बहुतेक चाळिशी-पन्नाशीचे, आणि त्यांच्यातच त्यांच्या डिपार्टमेंटचे साहेबही. आमचे सेशन ऑनलाइन व्हायचे. तिचं घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे, त्यामुळे माझी संध्याकाळ म्हणजे तिची रात्र, दिवसभराचा शीण घेऊनच ती स्क्रीनसमोर बसायची.

"मॅडम, मी प्रश्न विचारते आणि कोणी तोंडच उघडत नाही. त्यांना वाटत असणार, ही कालची पोर, त्यात भारतीय, ही काय आम्हाला इंग्रजी शिकवणार."

"असं कोणी म्हटलं तुला?"

"म्हणत नाहीत, पण कळतं ना."

या "कळतं ना"पाशीच बहुतेक जण अडकलेले असतात. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर काम करते. त्यांनी १९५५ पासून जे मांडलं त्याचं सार मी माझ्या भाषेत असं सांगते की घडलेली गोष्ट आपल्याला जेवढी छळत नाही तेवढा आपण तिचा लावलेला अर्थ छळतो. पण हे नुसतं सांगून भागत नाही, सायलीला ते पहिल्याच भेटीत पटलं होतं आणि तरी वर्गाच्या आदल्या रात्री तिच्या पोटात गोळा यायचाच.

मग एकदा मी तिला म्हटलं, कागद घे आणि खोली काढ. टेबल, दार, खुर्च्या, कोण कुठे बसतं ते. तिनं काढलं. साहेब दारापासून सगळ्यात लांबच्या खुर्चीत, कारण जपानमध्ये ती जागा मोठ्या माणसाची, दाराजवळ सगळ्यात ज्युनियर. आता म्हटलं, तू प्रश्न विचारलास की कोण कुठे बघतं त्याचे बाण काढ. तिनं एक बाण काढला, दुसरा काढला, मग पेन्सिल थांबली. कागद कॅमेऱ्यासमोर धरून ती बघतच राहिली, सगळे बाण त्या लांबच्या खुर्चीकडे जात होते.

"मॅडम, माझ्याकडे कोणीच बघत नाहीये."

"आणि साहेब कुठे बघतात?"

बराच वेळ गेला. मी मध्ये बोलले नाही, अशा वेळी बोलायचा मोह आवरणं हेच आमच्या कामातलं खरं कौशल्य आहे असं मी मानते. शेवटी म्हणाली, "वहीत. ते अख्खं वाक्य वहीत लिहितात आणि मग बोलतच नाहीत."

इतके दिवस तिला वाटत होतं की हा माणूस आपल्याला तोलतोय, आणि तो बिचारा आपल्या हाताखालच्या लोकांसमोर चुकायला घाबरत होता. साहेब बोलत नाहीत म्हणून खालचे बोलत नाहीत. "चुकले तर लोक काय म्हणतील" ही भीती पंचविशीच्या मास्तरीणबाईंना होती तशीच पन्नाशीच्या साहेबांनाही होती, आणि ती दिसली तसा तिचा चेहराच बदलला. माझा अनुभव असाय की भीती समजावून जात नाही, पण समोरच्याची भीती दिसली की आपली आपोआप लहान होते.

आणखी एक गोष्ट तिला आधीपासून माहीत होती पण ती तिनं स्वतःच्या बाजूनं कधी वापरली नव्हती. तिथल्या बऱ्याच कंपन्या टोइक (TOEIC) या इंग्रजीच्या परीक्षेचे मार्क बघतात. ती नेहमीची परीक्षा म्हणजे दोन तासात २०० प्रश्न, ऐकून आणि वाचून पर्याय निवडायचे, कमाल ९९० मार्क. बोलायची परीक्षा वेगळी. म्हणजे ८०० मार्कांचा माणूसही वर्गात गप्प बसू शकतो, त्यात शिक्षिकेचा अपमान कुठे आला?

पुढे तिनं सगळ्यांसमोर प्रश्न टाकणं बंद केलं, आधी दोघादोघांत बोलायला लावायची. साहेबांशी वर्गाआधी थोडा वेळ एकटीच बोलायची. तेव्हा कळलं की त्यांना दर आठवड्याला चाकणच्या प्लांटशी कॉल असतो आणि आपल्याकडच्या इंजिनियरांचं भरभर इंग्रजी त्यांना झेपत नाही. ज्या भारतीय उच्चारांची सायलीला लाज वाटत होती, तेच त्यांना ऐकून सराव करायला हवे होते! त्या कॉलचा अजेंडाच मग वर्गाचं पुस्तक झाला.

तुम्हीही असं परदेशात किंवा इथे मोठ्यांना शिकवत असाल तर वय लपवायला जाऊ नका, जड आवाज, जड कपडे याने काही होत नाही. त्यांचं काम त्यांना तुमच्यापेक्षा जास्त येतं हे मोकळेपणानं मान्य करा आणि त्या कामातलीच मेल, मीटिंग, फोन मागून घ्या. चुका जागच्या जागी नको, साहेबांच्या तर ज्युनियरांसमोर अजिबात नको, लिहून ठेवा आणि शेवटी कोणाचं नाव न घेता फळ्यावर घ्या. एखादी गोष्ट येत नसेल तर "बघून पुढच्या वेळी सांगते" म्हणा आणि खरंच सांगा. आणि प्रश्न विचारून थांबा. अमेरिकेतल्या शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात शाळेच्या वर्गांवर काम करून दाखवलं की शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात, तेच तीन सेकंद थांबले की मुलांची उत्तरं लांब आणि चांगली येतात. परक्या भाषेत बोलणाऱ्या मोठ्या माणसाला त्याहून जास्तच वेळ द्या, सायली मनात दहापर्यंत मोजते.

आता खरंच कोणी तोंडावर वयावरून, देशावरून, बाई म्हणून वेडंवाकडं बोललं तर मात्र तो अर्थ लावण्याचा विषय नाही, तिथे स्वतःला समजावत बसू नका. तारीख, वेळ, नेमके शब्द लिहून ठेवा आणि एजन्सीच्या को-ऑर्डिनेटरला मेल करा, नुसतं फोनवर सांगून सोडू नका. कंपनीशी करार एजन्सीचा असतो, त्यांच्याशी बोलायची जबाबदारी पण एजन्सीचीच.