सागाची पानं अळीनं खाल्ली, युरिया टाकू का?

प्रश्न : काका, आमच्या एकरभरात सहा वर्षांचे 400 साग आहेत. जुलैत अळी आली आणि आठवड्याभरात अख्खी बाग उघडी पडली. पानांच्या नुसत्या जाड शिरा लोंबतायत. दुकानदार म्हणतो, युरियाच्या दोन गोण्या टाका, सगळी भरपाई होईल. टाकू का? झाडं मरतील का?
– एक वाचक भगिनी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, झाडं मरायची नाहीत, तो घोर आधी मनातून काढा. साग दर उन्हाळ्यात निष्पर्ण होतो आणि मुळा-खोडातल्या साठ्यावर पुन्हा फुटतो. आताही फुटेल. पण ‘भरपाई’ मात्र मला पटत नाही.

जाड शिराच उरल्या, म्हणजे ही पान खाणारी अळी. दसऱ्याच्या आसपास दिसते ती वेगळी, पानाची बारीक जाळी करणारी. तोवर सागाची वर्षाची वाढ बरीचशी उरकलेली असते, म्हणून तिची मी फार धास्ती घेत नाही. तुमची पानं गेली ती ऐन पावसाळ्यात, खोड भरायच्या दिवसांत. केरळात निलंबूरच्या कोवळ्या सागवनांत तिथल्या वनसंशोधन संस्थेनं हे मापून पाहिलंय. अळीपासून राखलेल्या झाडांशी ताडून पाहता, खाल्लेल्या झाडांची लाकूडवाढ 44 टक्के कमी भरली. माझ्याकडे विरळणीत पडलेल्या एका ओंडक्यावर अळी आली त्या वर्षाचं वलय नखाच्या कडेइतकं बारीक आहे. शेजारची वलयं बोटभर.

आता युरिया. त्यातलं नत्र नवं पान घडवायला लागतं, हे खरं. जमीन हलकी, मुरमाड असेल तर दुसरी पालवी त्यानं दाट आणि हिरवीगार येते. पण लाकूड होतं ते पानानं उन्हात केलेल्या अन्नातून. जे पंधरा-वीस दिवस झाड पानांविना उभं राहिलं, त्या दिवसांचं अन्न कुठल्याच गोणीत मिळत नाही. शिवाय पानंच नसतील तर झाड खताची उचलही कमी करतं. एका वर्षी उघड्या झाडांना मी घाईनं युरिया दिला. मागोमाग झड लागली. थोडं वाहून गेलं, उरलेल्यावर गवत कमरेएवढं माजलं. ती चूक तुम्ही करू नका.

दोन गोण्या म्हणजे 90 किलो, झाडामागे 225 ग्रॅम. एका दमात इतकं नको. नत्रानं लुसलुशीत झालेलं पान पुढच्या अळीलाही गोडच लागतं. बुंध्याखालचा पाला उचलून बघा, मोहरीसारख्या काळ्या लेंड्यांचा थर दिसेल. खाल्लेल्या पानांतलं बरंचसं नत्र त्यात आहे, तो पाला झाडून जाळू नका.

नवी पानं तळहाताएवढी झाली, की वाफसा बघून, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसताना, गवत काढून, बुंध्यापासून हातभर लांब आळं करा. झाडामागे 50 ग्रॅम युरिया मातीत मिसळून झाका. शेंडा खाल्ल्यानं दोन फुटवे आले असतील तर सरळ जोमदार तेवढा ठेवा, नाहीतर खोडाला बेचकं पडेल.

एक ओळ मात्र बिनखताची सोडा. दोन्हीकडच्या दहा-दहा झाडांना छातीच्या उंचीवर रंगाचा पट्टा मारा आणि टेपनं घेर वहीत लिहून ठेवा. पुढच्या जूनमध्ये त्याच पट्ट्यावर पुन्हा मापा आणि दोन्ही आकडे मला नक्की पाठवा.