पत्र्याच्या शेडमध्ये स्क्रूपाशी पाणी ठिबकतं, कोणते स्क्रू घ्यावेत?

तुम्ही लिहिलंय की चौकोनी पाइपच्या सांगाड्यावर रंगीत पत्रा आहे, दोन पावसाळ्यांत स्क्रूपाशी गळती सुरू झाली आणि काही स्क्रू आवळायला गेलं की नुसते फिरतात. पत्रा बदलायच्या भानगडीत पडू नका. अशा गळतीत दोष बहुतेक वेळा वायसरचा किंवा आवळण्याचा असतो.

आधी एक स्क्रू काढून त्याच्या वायसरचं रबर बघा. ईपीडीएमचं, म्हणजे उन्हापावसात टिकणारं रबर नखाने दाबलं की दबतं आणि परत फुगतं. स्वस्त पीव्हीसी उन्हाने कडक होऊन तडकतं. रबर वायसरच्या धातूच्या चकतीबाहेर फुगून आलेलं असेल तर स्क्रू जास्त आवळलाय. चकतीच्या कडेबरोबर रबर जेमतेम दिसू लागलं की थांबायचं.

नुसते फिरणारे स्क्रू म्हणजे पातळ पाइपमधले आटे गेलेत. त्यावर सिलिकॉन थापून काही होत नाही. तो १२ नंबरचा, म्हणजे ५.५ मिमीचा स्क्रू असेल, तर काढून त्याच भोकात १४ नंबरचा, ६.३ मिमीचा लावा. त्याला बहुधा ३/८ इंची सॉकेट लागतं, १२ नंबरला ५/१६ इंची.

नवीन स्क्रू घेताना पत्र्यापेक्षा खालचं लोखंड किती जाड आहे ते बघा. खोक्यावर १२-१४ × ५५ असं लिहिलेलं असतं: १२ हा नंबर, एका इंचात १४ आटे, लांबी ५५ मिमी. पत्र्याच्या उंचवट्यावरून लावताना उंचवटा २८-३० मिमीचा असेल तर हीच लांबी लागते. उभ्या भिंतीच्या पत्र्याला खोलगट भागात २५ मिमी पुरतो. टोकाचा ड्रिलसारखा बिनआट्यांचा भाग लोखंडाच्या जाडीपेक्षा लांब हवा. तो आरपार जाण्याआधी आटे पकडले तर स्क्रू तुटतो. या टोकालाही वेगळा नंबर असतो: ३ नंबरचं टोक साधारण ५ मिमीपर्यंत भोक पाडतं. त्याहून जाड चॅनलला ५ नंबरचं टोक आणि बारीक आटे, म्हणजे १२-२४. लाकडी वाशांवर हे स्क्रू नकोत. तिथे टोकाला खाच असलेले लाकडाचे, टाइप १७ म्हणतात ते घ्या.

मशीन क्लच असलेलं, म्हणजे ठरावीक जोर आला की आपोआप सुटणारं साधं ड्रिल घ्या. इम्पॅक्टने, म्हणजे ठोके देत फिरवणाऱ्या मशीनने, वायसर कधी चिरडलं ते कळतच नाही. स्क्रू काटकोनात धरा. तिरका गेला की रबर एकाच बाजूला दबतं आणि दुसरीकडून पाणी शिरतं.

एक गोष्ट सगळे टाळतात: भोकातून निघालेला लोखंडाचा कीस त्याच दिवशी मऊ झाडूने काढा. पत्र्यावर राहिला तर पहिल्याच पावसात गंजतो, तांबडे डाग पडतात आणि मग लोक पत्र्याला नावं ठेवतात.

समुद्र जवळ असेल तर स्टेनलेस घेण्याचा मोह होतो. झिंक-ॲल्युमिनियम मुलामा असलेल्या पत्र्यावर तो लावू नका. ओल्या खाऱ्या हवेत स्टेनलेस टिकतो, पण भोवतालचा मुलामा खातो. जाड गंजरोधक मुलाम्याचा स्क्रू मागा, क्लास ४ (गंजरोधकतेचा दर्जा) लिहिलेला मिळाला तर उत्तम.

जोडाच्या कडेला सिलिकॉन लावणारच असाल तर न्यूट्रल घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन जस्त खातं.