न शिकता ऐकलेलं गाणं वाजवता येतं. ही देणगी की सवय? आणि आता काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ३४, संगीत कधी शिकलेल्या नाहीत. भाचीच्या कीबोर्डवर कुठलंही गाणं दोन-तीन प्रयत्नांत सापडतं, पण काही जुनी गाणी काही केल्या जुळत नाहीत, दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी आहेत असं वाटतं. रोज ठाणे-दादर लोकल, त्यामुळे घरी जेमतेम अर्धा तास मिळतो. याला देणगी म्हणायचं का, आणि पेटी शिकायला हे वय उशिराचं आहे का?

मी पेटी शिकवतो, म्हणून स्पष्ट सांगतो. तुमचा कान चांगला आहे. उशीर झालेला नाही. पण जे आज जमतंय ते अर्धंच आहे, आणि उरलेलं अर्धं आपोआप येत नाही. न शिकता वाजवणाऱ्याला पट्टी सापडते, सा, म्हणजे चालीचा आधाराचा सूर, सापडत नाही. सगळी मेहनत इथे आहे.

हे आजच तपासून पाहा. ‘हॅपी बर्थडे’ची चाल घ्या, ती सगळ्यांना येते. कीबोर्डच्या पांढरी १ पासून, म्हणजे दोन काळ्यांच्या जोडीच्या डावीकडच्या पांढऱ्या पट्टीपासून सुरू करा. पहिली ओळ: पांढरी १, १, २, १, ४, ३. दुसरी: १, १, २, १, ५, ४. तिसरी: १, १, वरची १, ६, ४, ३, २. इथपर्यंत सगळं पांढऱ्यावर सुरळीत चालतं. चौथ्या ओळीला बोट सवयीने पांढरी ७ वर जातं आणि सूर खटकतो. तिथे काळी ५ हवी, म्हणजे पांढरी ६ आणि ७ च्या मधली (काळ्या त्या जोडीपासून उजवीकडे १ ते ५ मोजायच्या): काळी ५, काळी ५, पांढरी ६, ४, ५, ४. तुम्ही चाचपडत का होईना काळी ५ वर पोचलात, तर कान पास झाला.

आता खरा प्रश्न. या चालीचा सा कुठला? दहापैकी आठ जण पांढरी १ दाखवतील, कारण चाल तिथून सुरू झाली. पण ही चाल खालच्या पंचमावर, म्हणजे प वर, सुरू होते. सा आहे पांढरी ४, जिथे शेवटची ओळ येऊन थांबते. म्हणजे सरगम अशी: पपधपसानि, पपधपरेसा, मग प प (वरचा) प ग सा नि ध, आणि शेवटी ममगसारेसा. पांढरी ७ खटकली कारण तिथे तीव्र, म्हणजे एक पट्टी चढा, मध्यम (म) लागला आणि चालीला शुद्ध मध्यम हवा होता. हे ‘का’ कळलं की गाणं कुठूनही वाजतं. काळी १ पासून सुरू करून बघा: काळी १, १, २, १, काळी ३, पांढरी ४. सा आता काळी ३ वर गेला. पहिल्या प्रयत्नात हे सलग वाजलं तर तुम्ही अंतरं ऐकताय. प्रत्येक सूर पुन्हा शोधावा लागला तर पट्ट्या लक्षात राहिल्यात, सरगम नाही. बहुतेकांचं दुसरंच होतं, त्यात वाईट वाटून घेऊ नका.

या तपासणीत कीबोर्डचं ट्रान्सपोजचं बटण वापरू नका. त्या बटणाने सूर बदलतो, पण बोटं तिथेच राहतात आणि डोकं काहीच शिकत नाही. एकाच पट्टीत वर्षानुवर्षं वाजवणारे लोक याच बटणामुळे अडकतात. मग एक दिवस गाणारा म्हणतो ‘काळी ४ द्या’ आणि हातातली पेटी बिनबटणाची असते.

जुनी गाणी मध्येच अडकतात यात तुमचा दोष नाही, उलट कान बारीक असल्याची ती खूण आहे. आजचे कीबोर्ड पांढरी ६ ला ४४० हर्ट्झ धरून बनवतात. जुन्या ध्वनिमुद्रणात वाद्यं वेगळ्या सुरात लावलेली असू शकतात, शिवाय तबकडी किंवा टेप थोडी वेगाने वा हळू फिरली की अख्खं गाणं वर-खाली सरकतं. बऱ्याच कीबोर्डच्या सेटिंगमध्ये ‘ट्यूनिंग’ असतं, ते एकेक पायरीने ४३० ते ४५० च्या दरम्यान फिरवून बघा, बहुतेक गाणी पट्टीवर बसतील. काम झालं की ४४० वर परत आणा, नाहीतर दुसऱ्या दिवशी तानपुऱ्याशी काहीच जुळणार नाही.

कान आणखी बारीक असेल तर आणखी एक गोष्ट जाणवेल. तानपुऱ्याच्या ॲपवर काळी १ लावा आणि त्यावर पेटीचा गंधार (ग), म्हणजे पांढरी ४, धरून ठेवा. तो किंचित चढा वाटतो. तो खरंच चढा आहे. सा २७७ हर्ट्झला असेल तर तानपुऱ्यातून उमटणारा गंधार सुमारे ३४६.५ ला येतो आणि पट्टी ३४९ च्या पुढे बोलते. शेजारच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट धरले तर हा फरक १४ सेंटचा आहे. पंचमात तो जेमतेम २ सेंटचा, म्हणून पंचम गोड लागतो. हे सूर-अंतर आणि पेटीवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणं, निघत नाही, या दोन आक्षेपांवर आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटी बंद ठेवली होती. तुम्हाला गंधार टोचला तर आनंद माना. पण नाही टोचला म्हणून शिकणं अडत नाही, तो कान रियाजाने तयार होतो.

‘परफेक्ट पिच’ आहे का, हे विचारणारे पुष्कळ भेटतात. कुठलाही आधार न घेता ऐकलेल्या सुराची पट्टी सांगता येणं म्हणजे ते. ते थोड्यांनाच असतं, बहुधा लहान वयात सुरांची नावं कानावर पडलेल्यांना. आपल्या संगीतात सा आपण ठरवतो, त्यामुळे त्यावाचून काही अडत नाही. सकाळी उठल्याबरोबर ओळखीचं गाणं गुणगुणलं आणि ते मूळ पट्टीच्या आसपास लागलं तर ती त्या गाण्याची आठवण आहे, आणि ती अनेक साध्या माणसांनाही असते.

आता लय. इथे न शिकलेल्या वादकांची सर्वांत मोठी गळती होते, आणि घरचे कौतुक करत असतात म्हणून ती कोणी दाखवून देत नाही. गाण्यात चार मात्रा धरलेला सूर तुम्ही दोन मात्रांत सोडता, मधली वाद्यांची जागा गाळता आणि पुढची ओळ उचलता. एकट्याने वाजवताना ते कळत नाही. तबल्याच्या ॲपवर केरवा लावा: धा गे ना ती, ना के धी ना, आठ मात्रा, वेग मिनिटाला ८० मात्रा. त्यावर तुम्हाला सर्वांत चांगलं येणारं गाणं वाजवा आणि फोनवर रेकॉर्ड करा. वाजवताना नाही, दुसऱ्या दिवशी ऐका. समेवर, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर, यायचा शब्द तिसऱ्या ओळीपासून पुढे पळालेला सापडला तर समजा की लय शिकायची आहे. उपाय कंटाळवाणा पण नेमका आहे. आठवडाभर काहीही वाजवायचं नाही. ठेका लावून हाताने टाळी द्यायची आणि गाणं मनात म्हणायचं, धरलेल्या सुराच्या मात्रा बोटांवर मोजायच्या. मग पेटीवर यायचं.

लोकलचा वेळ वाया घालवू नका, सा पक्का करायला त्यासारखी जागा नाही. ठाण्याला गाडीत शिरलात की कानात तानपुरा लावा, सा मनात धरा, ॲप बंद करा. मुलुंड आलं की पुन्हा लावून ताडून पाहा. आवाज काढायची गरज नाही, ओठ मिटून मनात धरलं तरी चालतं. एवढं जमलं की घाटकोपरपर्यंत, मग दादरपर्यंत. मधे उद्घोषणा होतात, गाडी सुटताना मोटरचा सूर चढत जातो, शेजारी कोणी मोबाईलवर रील बघत असतं. हे सगळं सा ला ओढून नेतं आणि तेच हवंय. सुरुवातीला बहुतेकांचा सा खाली घसरतो, साधारण अर्ध्या पट्टीने. तुमचा कुठे जातो ते आठवडाभर लिहून ठेवा, रोज त्याच दिशेला जात असेल तर तो लवकर सुधारतो. डब्यात भजनी मंडळ असेल तर आणखी चांगलं. टाळांच्या गजरात गाणाऱ्यांचा सा शोधायचा आणि अभंगाची पहिली ओळ मनात सरगम करून बघायची.

घरच्या अर्ध्या तासात बोटं. कानावर वाजवणारे बहुतेक दोनच बोटांनी वाजवतात, तर्जनी आणि मधलं. साध्या गाण्याला ती पुरतात, तानेला पुरत नाहीत, आणि तोपर्यंत सवय हाडात मुरलेली असते. म्हणून मी प्रौढांना काळी १ चा सा धरूनच सुरुवात करायला लावतो. तर्जनी काळी १ वर, मधलं काळी २ वर, अंगठा पांढरी ४ वर, पुन्हा तर्जनी काळी ३, मधलं काळी ४, अनामिका काळी ५, अंगठा वरच्या पांढरी १ वर आणि तर्जनीने तार सा. लांब बोटं पाची काळ्यांवर बसतात आणि अंगठा फक्त दोन पांढऱ्यांवर येतो, त्यामुळे हात वाकडा होत नाही. अवघड जागा एकच: गंधाराला अंगठा बोटांखालून काढताना मनगट वर उडतं आणि तो सूर जोरात पडतो. अंगठा आधीच, ऋषभ (रे) वाजत असतानाच, आत सरकवून ठेवायचा. पहिले दहा मिनिटं सारेगम, रेगमप असे चार सुरांचे अलंकार ६० च्या लयीत, मग दहा मिनिटं एकच गाणं नवीन सा धरून, उरलेल्या वेळात आवडेल ते. कान चांगला असलेल्यांना अलंकारांचा फार कंटाळा येतो, कारण त्यांना ते ऐकून लगेच ‘येतात’. कानाला येणं आणि बोटाला येणं वेगळं. चूक झाली की लय निम्मी करा, पण मधे थांबू नका.

कीबोर्डवर सहा-आठ महिने चालतील, त्यानंतर पेटी घ्याच, कारण भात्याचा हात कीबोर्डवर शिकता येत नाही. दुहेरी सुरांची (सूर म्हणजे इथे आतल्या पितळी पात्या), खर्ज आणि नर अशी, साडेतीन सप्तकांची म्हणजे ४२ पट्ट्यांची पेटी पुरते. घेताना एक गोष्ट नक्की करा. एकही पट्टी न दाबता भाता पूर्ण भरा आणि हात काढा. दोन-चार सेकंदांत हवा निघून गेली तर कुठेतरी गळती आहे. पट्टी न दाबता सूर बोलला तर आतली पट्टी नीट बसत नाहीये. मग प्रत्येक पट्टी हलक्या हवेवर वाजवा, उशिरा बोलणारा सूर तिथेच कळतो. वाजवताना प्रत्येक सुराला भाता मारू नका, हवा संपायच्या आत सावकाश भरत राहा. हवेचा दाब वर-खाली झाला की सूरही हलतो.

मुंबईच्या हवेचं वेगळं सांगायला हवं. जून ते सप्टेंबर लाकूड फुगतं आणि पट्ट्या अडकतात, पितळी सुरांवर ओल बसते. खिडकीजवळ किंवा बाहेरच्या भिंतीला टेकवून पेटी ठेवू नका, कापडात गुंडाळून उंचावर ठेवा आणि पावसाळ्यात रोज पाच मिनिटं तरी वाजवा. अडकलेली पट्टी चाकूने उचकटायची नाही, तेल तर अजिबात घालायचं नाही. दुरुस्ती करणाऱ्याकडे न्या.

शिक्षक शोधताना पहिल्याच तासाला विचारा, ‘माझा सा बदलून वाजवायला शिकवाल का?’ गाण्यांच्या नोटेशनच्या वह्या भरून देणारे पुष्कळ मिळतात, आणि तुम्हाला त्यांची गरज नाही, गाणी तुम्ही स्वतःच काढता. परीक्षेची शिस्त मानवत असेल तर अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आहेत: प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम आणि पूर्ण, मध्यमा प्रथम आणि पूर्ण, मग विशारद. माझं मत असं की पहिल्या वर्षी परीक्षेला बसू नका. आधी यमन आणि भूप या दोन रागांत सा धरून रोज दहा मिनिटं वाजवा. भूपात मध्यम आणि निषाद नाहीत, त्यामुळे चुकायला जागा कमी. यमनात तीव्र मध्यम आहे, आणि वर ज्या पांढरी ७ ने गाणं बिघडवलं तो सूर, सा पांढरी ४ असेल तर, इथे अगदी आपल्या घरी बसलेला सापडेल.