मर्यादवेलीची मर्यादा लाजेची नाही, समुद्राची

प्रश्न असा आलाय की "तो मर्यादवेल" म्हणायचं की "ती मर्यादवेल", आणि ही वेल लाजाळूसारखी लाजते म्हणून तिला हे नाव पडलं का. मर्यादवेल म्हणजे समुद्रकिनाऱ्याच्या वाळूत पसरणारी वेल. पहिल्या भागाचं उत्तर एका ओळीत देतो. दोन्ही चालतं, "त्याचा वेलु गेला गगनावरी" मधला वेलु पुल्लिंगीच आहे, आज बोलताना ती वेल जास्त ऐकू येते, मीही तीच म्हणतो.

दुसऱ्या भागाने मात्र डोकं फिरतं. फोटो टाकायचा आणि खाली लिहायचं "मर्यादा पाळणारी सालस वेल", वर पुन्हा तिच्याच आयपोमिया या वनस्पती-प्रजातीतल्या बेशरम नावाच्या झुडपाशी जोडी लावायची, एक निर्लज्ज आणि एक सुशील. बेशरमचं नाव खरंच तिच्या वागण्यावरून पडलंय, तोडून फेकली तर फेकल्या जागी मुळं धरते. पण मर्यादवेल काय वेगळं करते? ती वाळूवर सरपटत कित्येक मीटर जाते आणि पेरापेराला मूळ टाकते, मधेच तुटली तरी तुटलेला तुकडा जगतो. हिच्यात सालसपणा कुठे दिसला?

मर्यादा म्हणजे हद्द, सीमा, हा जुना अर्थ. अदब, लाज हे सगळं त्यानंतरचं. आणि इथे हद्द कसली, तर समुद्राची. भरतीचं पाणी जिथवर येतं त्या रेषेच्या जरा वर, कोरड्या वाळूत ही वेल पसरते. काही जण सांगतात की ही समुद्राला मर्यादेत ठेवते म्हणून मर्यादवेल. ती वाळू धरून ठेवते हे खरं, पण समुद्राला थोपवत नाही, उलट समुद्राची हद्द कुठे संपते ते दाखवते. नाव जागेवरून आलंय, कामावरून नाही.

आता खरी गंमत. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात वेला या शब्दाचे अर्थ दिलेत, "अब्ध्यम्बुविकृतौ वेला कालमर्यादयोरपि", म्हणजे समुद्राच्या पाण्याची भरती, काळ, आणि मर्यादा! समुद्राची मर्यादा म्हणजे किनाराच. याच वेला शब्दाचा मराठीत वेळ झाला पण आपण त्यातला काळच ठेवला, किनारा सोडून दिला. कोकणीने तो जपलाय, तिकडे दर्यावेळ म्हणजे समुद्रकिनारा. मग माझं ठाम मत असं की हे नाव ज्या कुणाच्या तोंडून पहिल्यांदा आलं त्याच्या मनात वेळेवरची, म्हणजे किनाऱ्यावरची वेल हेच असणार, पण वेळ म्हटलं की लोकांना घड्याळ आठवायला लागलं म्हणून तिचाच समानार्थी मर्यादा शब्द पुढे आला. मला हे इतकं पटतं की भरती ओसरल्यावर ती हिरवी रेघ दिसली की अमरकोशाची ती ओळच आठवते.

पण म्हणून "वेल हा शब्दच वेला या शब्दापासून आला" असं जे मांडतात त्यांना मी साफ चूक म्हणतो, मग ते कितीही मोठे जाणकार असोत. दोन स्वरांमधला संस्कृतचा एकटा ल मराठीत बहुधा ळ होतो, फल-फळ, काल-काळ, वेला-वेळ. प्राकृतात जिथे ल्ल होता तिथे ल टिकतो, तेल्ल-तेल, तसंच वल्ली-वेल्ली-वेल. एका ल ने दोन्ही घराणी वेगळी केलीत, आणि हे न बघता व्युत्पत्ती सांगणं म्हणजे नुसतं यमक जुळवणं.

संस्कृत व्याकरणकार पाणिनीचंही एक सूत्र आहे, "आङ् मर्यादाभिविध्योः". यातला आङ् म्हणजे "पर्यंत" सांगणारा आ. ज्या टोकापर्यंत जायचं ते टोक वगळलं तर मर्यादा, धरलं तर अभिविधी. ही वेल समुद्रापर्यंत जाते, समुद्रात नाही. म्हणजे पाणिनीच्या हिशोबानेही मर्यादाच, अभिविधी नाही!

वनस्पतीशास्त्रातलं नाव आयपोमिया पेस-काप्री. वनस्पतीशास्त्रज्ञ लिनीयसने 1753 मध्ये तिला कॉन्व्हॉल्व्ह्युलस या प्रजातीत घातलं होतं, नंतर रॉबर्ट ब्राउन या वनस्पतीशास्त्रज्ञाने 1818 मध्ये आयपोमियात आणलं. आयपोमिया म्हणजे ग्रीकमध्ये अळीसारखी, हे वळवळत चढणाऱ्या वेलींना शोभतं, ही सहसा चढतच नाही. पेस-काप्री मात्र चपखल, लॅटिनमध्ये बकरीचा पाय. जून पान हातात घेऊन बघा, जाड, गुळगुळीत, टोकाला खोल खाच आणि मधल्या शिरेवर किंचित दुमडलेलं, थेट दुभंगलेला खूर, देठ मोडला की चीक येतो. जुन्या तमिळ संगम काव्यात याच पानाला हरणाच्या पावलाची उपमा आहे, आणि हिच्या शेतातल्या चुलत बहिणीला आपण हरिणपदी म्हणतो. तीन भाषांना पाऊलच दिसलं.

फूल गुलाबी-जांभळं, नरसाळ्यासारखं, आत घशाशी गडद, सकाळी उमलून दुपारपर्यंत मान टाकतं. बोंडात चार केसाळ बिया असतात, त्या समुद्राच्या पाण्यावर तरंगत दूर जातात, म्हणून जगभरच्या उष्ण किनाऱ्यांवर ही दिसते. पण फुलावरून ओळखायला जाऊ नका, गारवेलीचं फूलही तसंच जांभळं नरसाळं असतं आणि तिच्या फोटोंना सर्रास मर्यादवेल म्हटलं जातं. गारवेलीचं पान पंजासारखं पाच भागांत चिरलेलं असतं. तेव्हा आधी पानाचं टोक बघा, जून पानाला खुरासारखी खाच नसेल तर ती मर्यादवेल नाही.